ऑफिसचं पोर्टल फायरफॉक्समध्ये उघडत नाही, वीस वर्षांची साथ सोडू का?

पुलाखालचं_पाणी

मंडळी, प्रश्न थोडा बावळट वाटेल पण विचारतोच. मी २००५ पासून फायरफॉक्स वापरतोय. हॉस्टेलवर एका सीनियरने पेन ड्राइव्हवरून टाकून दिला होता, तेव्हा टॅब हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदा बघितला, तोपर्यंत दहा साइट म्हणजे खाली दहा खिडक्या आणि वर पॉपअपचा पाऊस असं चालायचं. त्यानंतर पाच लॅपटॉप झाले, तीन नोकऱ्या झाल्या, एक लग्न झालं, ब्राउझर तोच. मधे क्रोम आला, सगळं मित्रमंडळ तिकडे गेलं, मी नाही गेलो. का नाही गेलो हे धड सांगताही येणार नाही.

आता गेल्या महिन्यात नवीन ऑफिस जॉइन केलं आणि इथलं रजा-हजेरीचं पोर्टल उघडलं की एक पांढरं पान येतं, "कृपया क्रोम किंवा एज वापरा". बास. बाकी काही नाही. आयटीच्या पोराला सांगितलं तर तो म्हणतो, "सर, फायरफॉक्स अजून चालू आहे?" हे जरा लागलं हो.

तर विचारायचं असं की तुमच्यापैकी कोणी इतकी वर्षं एकच ब्राउझर धरून आहे का, आणि असाल तर का? आणि सोडलात तर सोडताना काय काय हललं, पासवर्ड बुकमार्क वगैरे? बायको म्हणते ब्राउझर आहे तो, कुलदैवत नाही. तिचंही बरोबरच आहे म्हणा.

झेंडू

वहिनींना +१.

क्रोम टाका आणि झोपा. मी लॅपटॉपवर एज वापरते कारण तो आधीच होता, फोनवर क्रोम वापरते कारण तो आधीच होता, आणि उद्या तिसरंच काही आधीच असेल तर तेही वापरेन. मला खरंच कळत नाही लोक यावर भांडतात कशावरून. पान उघडलं की झालं. आमच्या आईला तर ब्राउझर हा शब्दच माहीत नाही, ती "नेट उघड" म्हणते आणि तो रंगीत गोल दाबते. जगातले बहुतेक लोक तिच्यासारखेच असणार, तुमच्यासारखे नाही, रागावू नका.

कोथरूडी_कोडर

आधी उपाय सांगतो मग प्रवचन.

ते पोर्टल बहुतेक फायरफॉक्समध्ये चालत असणार, फक्त तुम्हाला दारातून आत घेत नाहीये. प्रत्येक ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो, त्याला यूजर एजंट म्हणतात, एक लांबलचक ओळ असते. त्या पोर्टलवाल्याने त्या ओळीत फायरफॉक्स दिसलं की हाकला असं लिहून ठेवलंय, कारण टेस्टिंगचा वेळ वाचतो. यूजर एजंट बदलणारं ॲड-ऑन टाका, फक्त त्या साइटपुरती "मी क्रोम आहे" अशी थाप मारा आणि बघा. दहातल्या सात-आठ वेळा गाडी चालते असा माझा अनुभव.

आणि थाप मारताना मनाला लावून घेऊ नका, या धंद्यात सगळेच थापाडे आहेत. आजही क्रोमची ओळख सांगणारी ओळ "मोझिला" या शब्दाने सुरू होते! का, तर नव्वदच्या दशकात नेटस्केप नावाचा ब्राउझर जोरात होता, त्याचं आतलं नाव मोझिला, आणि साइटवाले मोझिला दिसला तरच चांगलं पान द्यायचे. मग आय.ई., म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला, तो म्हणाला मीही मोझिला. नंतर सफारी म्हणाला मी मोझिला, पण माझं इंजिन, म्हणजे पान काढून दाखवणारा आतला भाग, केएचटीएमएल, फायरफॉक्सच्या गेकोसारखंच. मग क्रोम आला, त्याने या सगळ्यांची नावं एकापाठोपाठ लावून शेवटी सफारीपण चिकटवलं. म्हणजे दारावर चार भाडेकरूंच्या पाट्या आणि आत राहणारा पाचवाच.

आता प्रवचन. मी २००६ ला या लाइनमध्ये आलो तेव्हा आय.ई. ६ चं राज्य होतं. तो २००१ चा, आणि ७ नंबर आला थेट २००६ ला. पाच वर्षं काही नाही! कारण नेटस्केप मेलेला, बाजार नव्वद टक्क्यांच्या वर मायक्रोसॉफ्टच्या खिशात, मग सुधारायचं कशाला. आम्ही पान बनवायचो दोन दिवसात आणि ते आय.ई. ६ मध्ये नीट दिसावं म्हणून आणखी तीन दिवस. पारदर्शक पीएनजी टाकला की मागे राखाडी चौकोन, डावीकडे फ्लोट केलं की मार्जिन दुप्पट, आणि दुप्पट मार्जिनवरचा इलाज काय तर डिस्प्ले इनलाइन लिहा, का ते विचारू नका, चालतं. ज्यांनी हे केलंय त्यांना आत्ता वाचतानाही घाम फुटला असेल.

त्या दगडाला पहिला तडा दिला तो फायरफॉक्सने. नोव्हेंबर २००४ ला १.० आला आणि त्याची जाहिरात लोकांनी वर्गणी काढून केली, न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानं, पैसे देणाऱ्या हजारो लोकांची नावं बारीक अक्षरात. आपल्याकडे गणपतीच्या अहवालात देणगीदारांची यादी असते तशी. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ला एका दिवसात ऐंशी लाखाच्या वर डाउनलोड करून गिनीजमध्ये नाव घातलं. मीसुद्धा त्या दिवशी ऑफिसच्या चार मशीनवर डाउनलोड केला होता, गरज एकावरच होती. ब्राउझरसाठी असलं काही करणारी ती शेवटचीच पिढी असावी, आज कोणी एजसाठी वर्गणी काढेल का?

म्हणून झेंडू, "पान उघडलं की झालं" हे बरोबर, पण ते कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं हे आपोआप झालेलं नाही. आणि आता परत तेच व्हायला लागलंय. एज, ओपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा तो फोनमधला, सगळ्यांच्या आत क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच गाभा. वेगळी इंजिनं उरली तीन, गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यातही ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं, आणि वेबकिट स्वतः लिनक्सवाल्या केडीई प्रकल्पाच्या केएचटीएमएलमधून, म्हणजे ते एकाच आजोबांचे. वेगळ्या घराण्यातलं एकटं गेको.

आणि खरं सांगतो, आमच्या कंपनीत टेस्टिंगला क्रोम आणि आयफोनची सफारी, संपलं. फायरफॉक्स उघडून कोणी बघत नाही. मीही नाही.

ओपेरावाले_नाना

इतकी वर्षं एकच ब्राउझर धरणारे कोण म्हणून विचारलंत, हजर आहे. फक्त आमची निष्ठा जास्त केविलवाणी आहे, तुमचा ब्राउझर निदान जिवंत आहे.

मी ओपेरा वापरायला लागलो तेव्हा वरती जाहिरातीची पट्टी असायची, ती नको असेल तर पैसे भरा. लोक हसायचे, ब्राउझरला कोणी पैसे देतं का. २००५ मध्ये पूर्ण फुकट झाला. टॅब म्हणाल तर आमच्याकडे फायरफॉक्सच्या आधीपासून. माउसचं उजवं बटण दाबून डावीकडे ओढला की मागचं पान, हे २००१ ला होतं. स्पीड डायल आमचं. मेल त्याच्यातच. आणि हे सगळं इतक्या छोट्या इन्स्टॉलरमध्ये की डायल-अपवरसुद्धा उतरायचा. पुढे सगळ्यांनी एकेक वस्तू उचलली आणि लोक म्हणतात क्रोमने शोध लावला, असो.

कोडरसाहेबांनी थापांचा विषय काढलाच आहे तर, मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन साइटवर ओपेराला मुद्दाम वेगळी, मोडकी स्टाइलशीट (पानाची मांडणी ठरवणारी फाइल) मिळते असं ओपेराच्या नॉर्वेच्या मंडळींनी पकडलं. मग त्यांनी २००३ मध्ये एक खास आवृत्ती काढली जी बाकी सगळं नीट दाखवायची, फक्त एमएसएन उघडलं की सगळा मजकूर मपेट्स या बाहुल्यांच्या कार्यक्रमातल्या त्या स्वीडिश आचाऱ्याच्या भाषेत, बोर्क बोर्क बोर्क! असा खवचटपणा आपल्या पुण्याबाहेर फक्त ऑस्लोत पाहिला.

आणि मराठी वाचणाऱ्यांनी तर ओपेरा मिनीचे उपकार विसरू नयेत. साध्या नोकियावर मराठी साइट उघडली की नुसते चौकोन दिसायचे. तेव्हा पत्त्याच्या जागी ओपेरा कोलन कॉन्फिग असं टाइप करायचं, एक साधं पान यायचं, त्यात शेवटी शेवटी "अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा" अशा अर्थाची ओळ, तिथे यस करून सेव्ह. लगेच जोडाक्षरांसकट मराठी! फॉन्ट फोनमध्ये नसायचाच, अक्षरांचं चित्र होऊन यायचं. एसटीत बसून दोन इंचाच्या पडद्यावर मी पूर्ण लेख वाचलेत. ही युक्ती मी किमान तीस लोकांना करून दिली असेल, त्यातला एक तर लग्नात भेटल्यावर पाया पडला.

२०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की स्वतःचं प्रेस्टो इंजिन बंद, आता क्रोमियम. नवीन ओपेरा आला तेव्हा त्यात साधे बुकमार्कसुद्धा धड नव्हते. मी १२ नंबर धरून बसलो, दोन-अडीच वर्षं, एकेक साइट मोडत गेली तरी. मग मूळ संस्थापकानेच विवाल्डी काढला, तिकडे गेलो. आत क्रोमियमच आहे, माहितीये. पण माउसच्या खुणा त्याच, मेल तसाच. घर पाडून बिल्डिंग झाली तरी आपण त्याच पत्त्यावर राहतो की नाही, तसं समजा.

हिशेबनीस

तुम्ही सगळे नशीबवान, ब्राउझर आवडीने निवडता. आम्हा टॅक्सवाल्यांचा ब्राउझर डिजिटल सही ठरवते.

पूर्वी सही करायला जावा नावाचं सॉफ्टवेअर लागायचं, ते ब्राउझरच्या आत चालायचं. २०१५ मध्ये क्रोमने असले प्लगइन बंद केले, २०१७ ला फायरफॉक्सने ५२ नंबरपासून. राहिला आय.ई., आणि फायरफॉक्सचीच ५२ ची ती लांब मुदतीची आवृत्ती, तिच्यात जावा अजून चालायचं. मग आमच्याकडे एक मशीन ठेवलं, त्याला सगळे "सहीचा पीसी" म्हणायचे. त्यावर अपडेट बंद, वर चिकटपट्टीने कागद लावलेला, "कोणीही काहीही अपडेट करू नये". एका आर्टिकलशिपच्या मुलाने प्रेमाने अपडेट करून ठेवला, ३० सप्टेंबरला संध्याकाळी. पुढचं सांगत नाही.

आता वेगळं छोटं सॉफ्टवेअर टाकून सही होते म्हणून कुठलाही ब्राउझर चालतो, पण तो कागद अजून तसाच आहे. काढायची कोणाची हिंमत नाही. पुलाखालचं पाणी, तुम्ही सोडा किंवा धरा, पण आधी पासवर्ड फाइलमध्ये काढून घ्या, सेटिंगमधल्या पासवर्डच्या पानावर तीन टिंबं दाबली की एक्सपोर्ट आहे. आणि ती सीएसव्ही फाइल दुसरीकडे चढवली की लगेच डिलीट करा, डेस्कटॉपवर ठेवू नका, त्यात सगळं उघडंवाघडं असतं. आमच्या क्लायंटने ती ग्रुपवर टाकली होती.

झेंडू

ग्रुपवर??? 😂

कोडर, तुमचं प्रवचन वाचलं, खरंच वाचलं. पण मग एक सांगा, फायरफॉक्सला पैसे कोण देतं? मी कुठेतरी वाचलंय की गूगलच देतं.

कोथरूडी_कोडर

देतं. तिथेच गोची आहे. फायरफॉक्समध्ये सर्च आधीपासून गूगलवर लावलेलं असतं त्याचे पैसे मिळतात आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग तोच आहे. मधे २०१४ ला अमेरिकेत याहूकडे गेले होते, २०१७ ला परत आले. ॲपललाही मिळतात, सफारीसाठी, आणि तो आकडा अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीची केस चालली तिथे बाहेर आला, २०२२ या एका वर्षाचे २० अब्ज डॉलर. फक्त आधीपासून लावलेलं राहावं म्हणून! म्हणजे तुमच्या आईंचं "नेट उघड" जगात सगळ्यात महाग आहे झेंडू, लोक बदलत नाहीत यावरच एवढे पैसे लागलेत.

त्याच केसमध्ये न्यायाधीश अमित मेहतांनी ऑगस्ट २०२४ ला निकाल दिला की गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली. सरकारी बाजूने मागणी केली होती की क्रोम विकायला लावा. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ते नाही झालं, फक्त "आमचंच ठेवा, दुसऱ्याचं नको" असे करार बंद, पैसे देणं चालू राहू शकतं. आणि गंमत म्हणजे पैसे पूर्ण बंद करू नका असं मोझिलासुद्धा म्हणत होतं, नाहीतर आम्हीच मरू.

झेंडू

म्हणजे सासरही गूगल आणि माहेरही गूगल. मग निष्ठा नक्की कोणाशी?

श्टुटगार्टची_सून

हे माहेर-सासर भारी होतं 😄

इकडची गंमत सांगते. युरोपात कायद्याने निवड करायला लावतात. पूर्वी विंडोजवर एक यादी यायची, कुठला ब्राउझर हवा ते निवडा, २०१० पासून, ओपेरानेच तक्रार केली होती नाना तुमच्या. मधे एका अपडेटनंतर मायक्रोसॉफ्टकडून ती यादी दाखवायची राहूनच गेली, वर्षभराच्या वर, तर २०१३ मध्ये ५६१ दशलक्ष युरो दंड. यादी विसरल्याचा!

आता २०२४ पासून आयफोनवरही तशी यादी येते. आमच्याकडे ती आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, हात कणकेचे, कोपराने सफारी दाबलं. नवरा जर्मन, त्याने चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि फायरफॉक्स निवडला. इथे फायरफॉक्स वापरणारे अजूनही बरेच भेटतात, आमच्या शेजारच्या सत्तर वर्षांच्या आजी वापरतात, "डेटा" या विषयावर त्या अर्धा तास बोलू शकतात. पण आयफोनवरचा फायरफॉक्स आतून वेबकिटच, हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. माझी सफारी आणि त्याचा फायरफॉक्स एकाच चुलीवरचे.

मला विचाराल तर निष्ठा वगैरे नसते, ज्याच्यात माझे चाळीस टॅब उघडे आहेत तो माझा ब्राउझर.

मोडी_लिपी

चाळीसच?

जुन्या आठवणी निघाल्यात तर माझी एक. मराठी पेपरांच्या साइट पूर्वी युनिकोडमध्ये (सगळीकडे एकच चालणारी अक्षरांची पद्धत) नसायच्या, ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. आय.ई. मध्ये तो फॉन्ट आपसूक उतरायचा आणि फायरफॉक्समध्ये बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. म्हणजे फायरफॉक्स वापरायचा तर मराठी पेपर सोडा, अशी परिस्थिती. तेव्हा पद्मा नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, ते बऱ्याच भारतीय फॉन्टची ती खिचडी युनिकोडमध्ये बदलून द्यायचं. वेलांटी कधीकधी पळून जायची पण वाचता यायचं. त्या एका एक्स्टेन्शनसाठी मी फायरफॉक्सवर टिकलो.

नंतर पेपर युनिकोडवर आले, पद्माचं काम संपलं. २०१७ ला फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची सगळीच एक्स्टेन्शन बंद केली तेव्हा माझी इतर चार-पाच गेली. ब्राउझर फास्ट झाला हे खरं. पण माझे दोन मित्र त्याच आठवड्यात क्रोमवर गेले, म्हणाले आता दोन्ही सारखेच. आणि आता क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यावर जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन तिकडे बंद झालं तर त्यातला एक परत आलाय! जाहिराती सहन होईनात म्हणून. निष्ठेपेक्षा जाहिरात मोठी.

पुलाखालचं_पाणी

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

तर कोडरचा उपाय केला. ॲड-ऑन टाकलं, त्या एका साइटसाठी क्रोम असल्याची थाप मारली, पोर्टल उघडलं! हजेरी लागते, रजा टाकता येते, पगाराची स्लिप उतरते. फक्त तारीख निवडायचं कॅलेंडर अर्धं पडद्याच्या बाहेर जातं, म्हणजे महिन्यातल्या सोमवार ते गुरुवारच रजा घेता येते, शुक्रवार दिसतच नाही. शुक्रवारची हवी असेल तर एज उघडतो. चालवून घेतोय.

हिशेबनीस म्हणाले म्हणून पासवर्ड एक्सपोर्ट करून बघितले, चारशे बारा निघाले. त्यातले निम्मे अशा साइटचे ज्या आता नाहीतच. ऑर्कुटचाही होता. बुकमार्कमध्ये २००७ चा "नंतर वाचू" फोल्डर सापडला, काल रात्री दोन वाजेपर्यंत एकेक लिंक दाबत बसलो, बहुतेक मेलेल्या. हे सगळं दुसरीकडे हलवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, तर झेंडू, निष्ठा नाही, हा आळस आहे असं लिहून घ्या.

आणि मोडी_लिपी, पद्मा! मी नावच विसरलो होतो. माझ्याकडेही होतं, सकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये पेपर वाचायला.

अवांतर, आज तो आयटीचा पोरगा काही कामाने टेबलाशी आला, स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, हे यात कसं काय उघडलं?" मी म्हटलं बघ ना, आपोआप सुरू झालं.

कोथरूडी_कोडर

हाहा, सांगू नका. तिकीट टाकून ते पण बंद करतील.

ओपेरावाले_नाना

सांगितलंत तरी एक वेळ चालेल, शुक्रवारचं कॅलेंडर तेवढं आधी दुरुस्त करून घ्या त्याच्याकडून.